मापाचा झंपर

तासगाव तालुक्यातल्या एका गावात शैला झंपर शिवायची. सोप्यात खिडकीपाशी तिचं पायमशीन होतं, भिंतीच्या खुंटीला टेप लटकलेली असायची आणि पत्र्याच्या ट्रंकेत गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मापाची वही. झंपर शिवणाऱ्या बाईला गाव जेवढं कळतं तेवढं तलाठ्यालाही कळत नाही. घागरी वाहून कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या अंगावर पिणारं मूल आहे, कुणाची छाती दोन महिन्यांत दीड इंचानं उतरली आणि ती कुठल्या काळजीनं, हे सगळं टेप सांगते. शैलानं त्यातलं कधी काही बाहेर बोलून दाखवलं नाही. म्हणून बायका तिच्यापुढं निर्धास्त उभ्या राहायच्या.

वरच्या आळीची हौसाआजी मात्र माप द्यायला कधी आली नाही. दर दिवाळीला नातीच्या हातून कापड आणि एक जुना झंपर पाठवायची. निरोप एकच, ह्याच मापानं शिव. तो जुना झंपर डाव्या बाजूला आतून घासलेला असे, टक्सच्या टाक्यांपाशी पार विरलेला. उजवी बाजू धड. म्हातारीची काहीतरी खोड असेल म्हणून शैला तसाच बेतून द्यायची.

मग एका उन्हाळ्यात तिला स्वतःच्याच डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं बेदाण्याचा हंगाम उरकू दिला, मृगाच्या पेरण्या होऊ दिल्या. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं आपल्याकडं पुष्कळ बायका धरून चालतात आणि तिथंच घात होतो. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सांगलीत सुईनं तुकडा काढून तपासला तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारला. दत्ता, तिचा नवरा, खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं दोघं मुंबईला गेली. परळचं टाटा रुग्णालय 1941 सालचं. तिथल्या फाटकाशी पहाटेपासून सगळ्या देशातली माणसं फायली छातीशी धरून उभी असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांना जागा मिळाली. शैलाचा डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. चार-पाच दिवसांत ती धर्मशाळेत परतली ती कुशीतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाची ड्रेनची बाटली घेऊन. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती हातात धरून हिंडायची. रोज किती मिलिलिटर द्राव साठला ते वहीत लिहायचं. मापाच्या वहीला सरावलेल्या हाताला ते काम जमलं. त्या खोलीत तशाच बाटल्या घेतलेल्या आणखी बायका होत्या, जळगावची, बिहारची, कोकणातली. एकमेकींची बाटली धरून त्या एकमेकींना न्हाणीत जायला मदत करत. शैलाला नंतर आठवलं की त्या खोलीत तिला एकटं असं वाटलं नव्हतं. ते घरी आल्यावर वाटलं.

घर चांगलं होतं, हे आधी सांगायला हवं. ह्या गोष्टीत वाईट कुणी नाही. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, तिच्या हातातला केर काढून घेतला. थोरल्या जावेनं चूल बघितली. प्राजू, तिची एकोणीस वर्षांची मुलगी, पाण्याच्या बादल्या उचलू लागली. दत्तानं मशीन चादरीत गुंडाळून माडीवर नेऊन ठेवलं, "डोळ्यासमोर राहिलं तर हात शिवशिवतील तुझे." दवाखान्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक अशी की त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाब मोजू द्यायचा नाही, कापणं-भाजणं सांभाळायचं, एकदम जड उचलायचं नाही. काखेतल्या गाठी गेल्यावर हातातला द्राव परत फिरायला वाट कमी पडते आणि हात सुजू शकतो. दुसरी अशी की हात रोज हलवायचा, बोटांनी भिंत चढायची, नाहीतर खांदा आखडेल. घरानं पहिली गोष्ट पाठ केली आणि दुसरी विसरून गेलं.

सुरुवातीला प्राजू भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची, आईची बोटं कुठवर चढली त्याची. रेघा हनुवटीवरून डोळ्यांपर्यंत गेल्या. मग किमो सुरू झाली. दर 21 दिवसांनी सांगलीला जायचं, उजव्या हातात सलाईन, मग चार-पाच दिवस तोंडाला चव नाही, पायांत जीव नाही. केस गेले. रेघा कपाळाच्या उंचीला थांबल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण शैलानं हात वर केला की आत्याबाई ओरडायच्या, "बस की गं, कशाला ताणतीयास!"

बघायला माणसं येत. शहाळं आणत. कडेला बसत, "तू लई धीराची बघ" म्हणत. ह्या कौतुकानं माणसाचं काय होतं, ह्याचा विचार आपण करत नाही. धीराची म्हटल्यावर तिला रडायची सोय राहत नाही. एखादी बाई आवाज खाली आणून आपल्या मावससासूला हेच झालं होतं असं सांगायची आणि पुढं काय झालं ते सांगायच्या आधी थबकायची. गावात 'गाठ काढली' एवढंच बाहेर पडलं होतं. आत्याबाईंना प्राजूच्या लग्नाची चिंता होती.

आणि झंपर यायचे थांबले. कुणी ठरवून थांबवले नव्हते. दिवसभर बायकांच्या छातीची मापं घेणं हेच जिचं काम, तिच्यापुढं आता जाऊन कसं उभं राहायचं, असं प्रत्येकीला आपापल्या जागी वाटलं. हे वाटणं प्रेमाचंच होतं. दिवाळीला हौसाआजीची नात कापड घेऊन आली तेव्हा आत्याबाईंनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "ती आता शिवत न्हाई गं." शैला आत गोधडीवर पडून ऐकत होती. आपण शिवत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावणं आलं, पण त्यासोबत हेही आलं की तुम्ही दगदग करू नका, वाण घरी पोचवू. वाण आलं, एक स्टीलची वाटी. शैलानं ती तशीच फळीवर ठेवली. तोवर मिरजेतले किरणांचे शेक झाले होते, टाळूवर मऊ केस उगवले होते, डॉक्टरांनी पुढची काही वर्षं रोज एक गोळी घ्यायला सांगून बाकी सगळं ठीक म्हटलं होतं. शरीर बरं होत होतं. ती मात्र अंधारात अंघोळ करायची. लुगडं बदलताना भिंतीकडं तोंड करायची. व्रण कसा आहे ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. डाव्या खांद्यावरून येणारा पदर ती पुढं ओढून, दुहेरी करून घ्यायची आणि आत रुमालाची घडी कोंबायची. चालताना घडी वर सरकायची. दत्ता मुंबईहून आल्यापासून सोप्यात झोपत होता. कारण तिनं विचारलं नाही. तिला ते ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

माघात पुतण्याचं लग्न ठरलं. आठ दिवसांवर हळद आली असताना शैला पलंगाखालची परात काढायला वाकली आणि तिच्या हाताला तासगावच्या टेलरची पिशवी लागली. आत घरातल्या सगळ्या बायकांचे झंपर होते. जावेचा, आत्याबाईंचा, नणंदेचा, प्राजूचा. एक तिचासुद्धा होता, तिच्या जुन्या मापाचा, दोन्ही बाजू भरलेला. कुणीतरी तिचा जुना झंपर मापाला नेऊन दिला होता.

तिनं पिशवी होती तशी ठेवली. त्यानंतर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, जेवली नाही. आत्याबाईंना वाटलं दुखणं उलटलं. जाऊ रडायला लागली. गाडी सांगावी का म्हणून दत्ता अंगणात फेऱ्या मारत होता. गाठ लागली त्या दिवशी, किमोनं उलट्या झाल्या त्या रात्री, केसांचा पुंजका हातात आला तेव्हाही शैला अशी ढासळली नव्हती. ज्या घरातल्या प्रत्येक अंगाचं माप तिला पाठ होतं त्या घरानं तिच्यावाचून कपडे शिवून घेतले होते, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून ते पलंगाखाली लपवले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसाआजी आली. काठी टेकत, स्वतः. नात बरोबर नव्हती. आत्याबाई आडव्या आल्या तर म्हणाली, "तू चहा टाक. मला शैलीकडं काम हाय." आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

"माझं माप घे."

"आजी, मी आता शिवत न्हाई."

"दिवाळीचं कापड तसंच पडलंय. दुसऱ्या कुणाला न्हाई द्यायची मी."

"मापाला झंपर आणलाय का?"

"न्हाई. आज अंगावरचं घे."

म्हातारीनं पदर खाली घेतला, गुंड्या काढल्या. आत डाव्या बाजूला जुनेराच्या चिंध्यांचं बोचकं होतं, दोऱ्यानं गुंडाळलेलं. ते तिनं काढून खाटेवर ठेवलं. खाली सपाट छाती, आणि काखेपासून मधल्या हाडापर्यंत आडवी, पांढुरकी, मिटून गेलेली रेघ.

शैलानं स्वतःचा व्रण पाहिला नव्हता. पहिला पाहिला तो हा. ती बघत राहिली. तिला वाटलं होतं त्यातलं काहीच तिथं नव्हतं. कातडी होती, सुरकुत्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईचं अंग होतं.

"कवा झालं हे?"

"मिरजेला. थोरलीच्या लग्नाची बोलणी चालली हुती तवा. सोयरं मागं फिरतील म्हणून पोटातली गाठ काढली असं सांगितलं. मालकांना ठावं हुतं, आणि मला. मालक गेलं. मग मला एकटीलाच." ती खाटेवर टेकली. "तुझं कळल्यापास्नं येते म्हणत हुते. पाय उचलंना. इतकी वर्सं झाकलं, आता कसं उघडावं. परवा पोरगी म्हणाली तुमच्या घरची कापडं तासगावला शिवली. म्हटलं आता न्हाई गेले तर ही पण माझ्यासारखी बोचकं बांधून बसंल."

शैला रडली. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. हौसाआजीनं तिला गप्प केलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, धीराची म्हटलं नाही. रडणं संपेस्तोवर उघड्या अंगानं बसून राहिली. मग म्हणाली, "थंडी वाजतीया. घे की माप."

शैलाकडं कुणीतरी काहीतरी मागितलं होतं.

इथं एका परक्या बाईचं नाव घेतल्यावाचून मला राहवत नाही. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाच्या बाईचा स्तन काढला. पुढं हात कसा हलवायचा, कपडे काय घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, ह्यातलं तिला कुणी काही सांगेना. मग ती स्वतःच दवाखान्यांत जाऊन नव्यानं शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटू लागली. जाताना व्यायामाला दोरी आणि रबरी चेंडू न्यायची, आणि कपड्यात घालायला एक गादी. काही सर्जनांना हे रुचलं नाही, काही ठिकाणी तिला दारातून परत पाठवलं गेलं. ती जात राहिली. 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तिचं काम आपलंसं केलं आणि पुढं ते पुष्कळ देशांत पोचलं. हौसाआजीला ह्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण जिनं स्वतः सोसलंय अशा बाईनं येऊन समोर बसणं डॉक्टरांच्या, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मायेहून वेगळं असतं, हे दोघींनी आपापल्या गावात ओळखलं. मला त्या दोघी बहिणी वाटतात.

मशीन माडीवर गेल्यापासून टेप ह्याच आतल्या खोलीत खुंटीला होती. ती काढायला शैलाला हात वर न्यावा लागला. खुंटी कपाळाहून उंच होती. खांदा ओढला, कळ आली, बोटं टेपेपर्यंत पोचली. तिनं माप घेतलं आणि मग झंपर शिवणाऱ्या बाईला जे दिसायला हवं ते तिला दिसू लागलं. चिंध्यांचं बोचकं हलकं होतं. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणून आजीचा उजवा खांदा खाली ओढला गेला होता, पाठ तिरकी झाली होती. पाठदुखीला आजी इतकी वर्षं तेल लावत होती. शैलाला आपल्याच पाठीत हल्ली जी कळ येते तिचं कारण तिथं उभ्या उभ्या कळलं.

"वजन हवं आजी. नुसतं भरीव न्हाई चालणार."

दोघींनी विचार केला. कापूस हलका. तांदूळ टोचतात. मग आजीला बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट आठवली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात, दाणे अंगासरशी हलतात, कुठं रुतत नाहीत. प्राजूची उशी ट्रंकेत होती. शैलानं ती उसवली. मऊ मलमलीची दुहेरी पिशवी शिवली, पानाच्या आकाराची, काखेकडं निमुळती, आणि मोहरी थोडी थोडी भरत गेली. घातली, आजीला चालायला लावलं, काढली, पुन्हा भरली. खांदे सरळ दिसेपर्यंत. पिशवी बाहेर काढून उन्हात घालता यावी, नाहीतर घामानं दाणा खराब होईल, म्हणून झंपराला आतून अस्तराचा खिसा. गुंड्या पुढं, कारण हात मागं जात नाही. मुंढा सैल, बाहीला जास्तीची माया, न जाणो हात सुजला तर. व्रणावर शिवण येणार नाही अशी बेतणी. मशीन माडीवर होतं, म्हणून पहिला झंपर हातशिलाईचा झाला. डाव्या हाताच्या बोटांत तिनं अंगुस्तान चढवलं. सुई टोचू द्यायची नाही, हे तिनं पाळलं.

दवाखान्यात सिलिकॉनचे तयार आकार मिळतात आणि ते ह्याहून पुष्कळ चांगले असतात, हे मला ठाऊक आहे. परवडेल तिनं ते घ्यावेत. पण परवडत नाही आणि मागायची लाज वाटते म्हणून बोचकं बांधून जगणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत, हेही ठाऊक असायला हवं.

संध्याकाळी शैलानं पलंगाखालची पिशवी ओढून जावेपुढं ठेवली. जाऊ पांढरीफटक पडली.

"आक्का, ह्या मुंढ्याला सुरकुती पडणार. आत्याबाईंना बाही घट्ट होणार. प्राजूचा गळा जास्त खोल घेतलाय."

"तुला त्रास नको म्हणून गं..."

"मला विचारलं असतं तर कदाचित मीच न्हाई म्हटलं असतं. किमो चालू हुती तवा तर नक्कीच. पर विचारायला पाहिजे हुतं."

आक्का बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हाला भ्या वाटत हुतं. तुला विचारावं तर तू रडशील."

"रडले असते. मग?"

ह्या 'मग'ला घरात कुणाकडं उत्तर नव्हतं. शैलानं त्याच बैठकीत वाटणी करून टाकली. घागर, पाट्याचं वाटण, धुण्याची बादली, शेतातली पाटी, हे तुमचं. ते तुम्ही केलंत म्हणून मी उभी राहिले, आणि पुढंही ते मला हवंच आहे. मशीन खाली आणा. कुणी कापड घेऊन आलं तर दारातून परत पाठवू नका, मला हाक मारा, जमेल का नाही ते मी सांगेन. दमले तर दमले म्हणेन. आत्याबाई पुटपुटल्या की हात भरला म्हणजे? शैला म्हणाली, डॉक्टरांना विचारू. दुसऱ्या दिवशी सांगलीला विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं वाढवत शिवा, मधेमधे हात वर करून बोटं मिटा-उघडा, सूज दिसली तर लगेच या. शिवायचं नाही, असं तिला कधी कुणी डॉक्टर म्हणालेच नव्हते.

डॉक्टरांकडं प्राजूही आली होती. उठता उठता तिनं विचारलं, "मला पण होईल का?" हा प्रश्न मुलीच्या पोटात सात महिने होता आणि आईच्याही. डॉक्टर सांगत राहिले की स्तनाच्या कॅन्सरात आईबापांकडून आलेल्या दोषामुळं होणारे शंभरात पाच ते दहाच, घरात आणखी कुणाला होता का ते बघू, गरज पडली तर रक्ताची तपासणी असते, आणि स्वतःचं अंग ओळखीचं ठेवायचं, बदल दिसला की यायचं. उत्तरानं भीती सगळी गेली नाही. पण परतीच्या एसटीत प्राजू आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, डाव्या बाजूला. आतापर्यंत ती मुद्दाम उजवीकडं बसायची.

दत्ताला विचारणं सगळ्यांत अवघड होतं. त्या रात्री तो सोप्यात वळकटी पसरू लागला तेव्हा शैला दारात उभी राहिली.

"तुम्ही हितं का झोपता?"

"झोपेत हात लागला तर. टाकं हायत."

"टाकं निघून सहा म्हयने झाले."

तो वळकटीकडं बघत राहिला. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"मलाही कुणी विचारलं न्हाई."

त्यानं वळकटी उचलली. त्या रात्री तिनं दिवा मालवला नाही. व्रण दोघांनी मिळून पाहिला. हौसाआजीच्या रेघेहून तो अजून लाल होता. दत्तानं विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, दुखत नाही, बधिर आहे, काखेतून कधी मुंग्या येतात. इतक्या महिन्यांत त्यांच्यात हे पहिलं खरं बोलणं झालं.

लग्नात हळदीच्या दिवशी आत्याबाईंच्या माहेरच्या एका बाईनं मानेनं खूण करत विचारलं, "काय झालं हुतं गं?" आत्याबाई 'गाठ' म्हणायच्या आत शैला म्हणाली, "कॅन्सर. डावी छाती काढली. आता बरी हाय." आत्याबाई त्या रात्री तिच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच बाई शैलाला गोठ्यामागं घेऊन गेली. तिच्या सुनेला काहीतरी हाताला लागत होतं, दोन महिने झाले, दुखत नव्हतं म्हणून बोलली नव्हती. वरात निघायच्या आत सांगलीची वेळ ठरली. सुनेची गाठ साधी निघाली. त्यानंतर आत्याबाईंनी 'गाठ काढली' म्हणणं सोडलं. त्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि शैलानं विचारलं नाही.

झंपर पुन्हा येऊ लागले, एकदम नाही. काही बायका अजूनही अवघडून उभ्या राहत, कुठं बघावं कळत नसे. शैलाच मग टेप गुंडाळत म्हणे, हात वर करा, श्वास सोडा. कामाच्या बोलण्यानं अवघडलेपण सुटत जाई. काही दिवस वाईट जात. गोळीमुळं अंगातून वाफा निघत, सांधे धरत, तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडे. अशा वेळी ती वरच्या आळीला हौसाआजीकडं जाऊन बसे. आजीनं नातीला सगळं सांगितलं होतं. थोरलीला अजून नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला मुंबईला जाताना शैलाच्या पिशवीत पिठलं-भाकरीच्या डब्याखाली मोहरीच्या पिशव्या होत्या, आणि खणाच्या उरलेल्या तुकड्यांच्या, खांद्याला अडकवायच्या लहान झोळ्या, ड्रेनची बाटली ठेवायला. धर्मशाळेत त्याच मजल्यावर जागा मिळाली. कोपऱ्यातल्या खाटेवर तिशीतली एक बाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, बाटलीची प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला बांधलेली. नवरा दारात उभा राहून शैलाला हळूच म्हणाला, "यवतमाळकडचे आहो आम्ही. ती बोलतच नाही. काही करूच देत नाही मी तिला, तरी रडते."

शैला खाटेच्या कडेला बसली. झोळी बाटलीला घालून बघितली, पट्टा लांब होत होता. तिनं सुईदोरा काढला, पट्टा दुमडला, आणि मग थांबून झोळी त्या बाईच्या पुढ्यात ठेवली.

"उजव्या हातानं जमंल तेवढंच. टाका घालता येतो का?"

बाई बराच वेळ झोळीकडं बघत होती. मग उठून बसली.

"येतो. पण हा दोरा कच्चा आहे," ती म्हणाली. "दुहेरी घ्या."